काशीरामचा दोर

बोरिवली (पश्चिम)
१४ ऑक्टोबर २०२४

श्री. विद्याधर केळुसकर यांस,

तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तीन महिन्यांची असताना तुम्ही मला पाहिलंय. एप्रिल १९७२. मनोरीच्या कोळीवाड्यात सुके बोंबील घेणारा व्यापारी म्हणून तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसलात. माझ्या आईच्या हातचा चहा प्यायलात. पाळण्यातल्या मला खुळखुळा वाजवून दाखवलात. चार दिवस हे नाटक केलंत आणि मग कचेरीत जाऊन अहवाल लिहिलात. माझी मुलगी श्रुतिका वकिलीचं शिकते. तिने दोन वर्षं अर्जावर अर्ज करून त्याची प्रत मिळवली. खाली सही तुमची आहे, लष्करी गुप्त तपासातले हवालदार म्हणून.

माझे वडील काशीराम, लष्कराच्या बोटी चालवणाऱ्या पलटणीत शिपाई होते. जून १९७१ मध्ये रजा संपवून मनोरीहून परत गेले आणि पलटणीच्या हजेरीतून नाहीसे झाले. पलटणीने ‘फरारी’ असा शिक्का मारला आणि ते घरात लपलेत का बघायला तुम्हाला पाठवलं. तुम्ही लिहिलंत ते तुमच्याच शब्दांत देते: “फरारी शिपायाची पत्नी मालन हिने कुंकू पुसलेले नाही. हातात हिरवा चुडा आहे. पतीचे नाव निघाले असता रडत नाही. यावरून पती जिवंत असून त्याचा ठावठिकाणा तिला माहीत असावा.”

वाचून माझं डोकं फिरलं. वडील जाताना आईला सांगून गेले होते, “मी येईन, नायतर कोणीतरी येऊन सांगेल. तोवर काय उतरवू नको.” सांगायला कुणी आलंच नाही. आलात ते तुम्ही, बोंबील घ्यायला.

तुमच्या त्या चार ओळींवर फाईल बंद झाली. शाळेत मी पळपुट्याची पोर होते. लग्न ठरून दोनदा मोडलं. आई आज त्र्याहत्तर वर्षांची आहे, हृदयाची झडप निकामी होत आलीय, आणि तिला मरायच्या आधी नवऱ्याच्या नावावरचा तो शब्द गेलेला बघायचाय. बाकी तिला काही नको. तुम्ही लिहिलंत, तुम्हीच खोडा. खाली फोन नंबर देते आहे.

सुगंधा


मुलुंड (पूर्व)
२५ ऑक्टोबर २०२४

सौ. सुगंधाताई यांस, सादर नमस्कार.

फोन नंबराचा मला उपयोग नाही. माझे दोन्ही कान एकाहत्तरच्या डिसेंबरात स्फोटाने गेले. आणि कान शाबूत असते तरी मी फोनवर बोललो नसतो. ज्याने कान जाईपर्यंत लष्करात दुसऱ्यांचे फोन ऐकले तो स्वतः फोनवर बोलत नाही. पत्र लिहा, वाचीन.

अहवाल माझाच आहे. मी पाहिलं ते लिहिलं, आणि पाहिलेलं मी मागे घेत नसतो. तुम्हाला राग येणं साहजिक आहे, पण रागाने पुरावा बदलत नाही. बेपत्ता नवऱ्याची बायको कशी वागते आणि लपलेल्या नवऱ्याची कशी वागते, हे आम्हाला शिकवलेलं असे.

मी कोण, हेही तुम्हाला कळावं. मी वेंगुर्ल्याकडचा, केळुसचा. अठराव्या वर्षी भरती झालो. कलकत्त्याच्या छावणीत आचाऱ्याकडून बंगाली शिकलो, ती इतकी की तो आचारी मला आपल्या गावचा म्हणू लागला. म्हणून एकाहत्तरच्या जुलैत मला सीमेपलीकडे सोडलं. खुलन्याच्या खालच्या अंगाला नद्यांचा मुलूख आहे. तिथे पाच महिने गळ्यात पेटी अडकवून मी फण्या, सुया, बटणं विकली. शत्रूची माणसं माझ्याकडून बटणं घ्यायची आणि मी त्यांची माणसं मोजायचो. एकदा पकडला गेलो, तीन दिवस उलटं टांगलं, तरी मी फणीवालाच राहिलो. कान गेल्यावर मी ओठ वाचायला शिकलो, आणि युद्ध संपल्यावर मला तपास खात्यात घेतलं ते उगाच नाही.

तिथल्या एका घाटावर मोडका खांब होता. दर आठ दिवसांनी त्या खांबाला एक दोर अडकवलेला असायचा. जाळ्याचा साधा दोर, त्याला गाठी आणि मध्ये मध्ये चिंध्या. तो पेटीच्या तळाशी घालून मी बारा कोस चालत आमच्या मेजरसाहेबांकडे न्यायचो. त्यांना तो वाचता यायचा, मला नाही. दोर कोण ठेवतं हे मला माहीत नव्हतं आणि विचारायचं नाही असा नियम होता. पण त्या माणसाच्या एका दोरावरून शत्रूच्या तीन तोफांच्या बोटी बुडाल्या, हे मी स्वतः ऐकलं, तेव्हा कान होते. कागद नाही, शाई नाही, पकडला तरी कुणाला काही कळणार नाही. असेल कुणी तिथलाच, पण त्याच्या पायाची धूळ मी कपाळाला लावीन.

ताई, त्याच महिन्यांत तुमचे वडील पलटण सोडून गेले होते. मग मी काय लिहायला हवं होतं?

आपला,
वि. केळुसकर


बोरिवली (पश्चिम)
६ नोव्हेंबर २०२४

श्री. केळुसकर यांस,

तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा ते फाडावं असंच वाटलं. एवढा ताठा? पण आईने पत्राचं ऐकलं होतं, म्हणून भाऊबीज झाल्यावर मनोरीला गेले आणि तिला वाचून दाखवलं. ती नेहमीसारखी कोळंबी सोलत ऐकत होती. दोराचं आलं तशी हात थांबवून म्हणाली, “परत वाच.” परत वाचलं. “अजून एकदा.” तिसऱ्यांदा वाचलं तर कोळंबी तशीच टाकून उठली आणि दाराआड खुंटीला असलेला दोर काढून बसली.

तुम्हाला समजावं म्हणून सांगते. माझे आजोबा निरक्षर होते. होडीवर किती मासळी आली ते ते दोरावर ठेवायचे. एक पाटी, एक गाठ. दहा झाल्या की एक जाड दुहेरी गाठ. सुरमईसारखी मोठी मासळी असली की गाठीत फास. दिवस बदलला की लाल चिंधी. हिशेब संपला की शेवटी कडी. बाकीचे भिंतीवर कोळशाच्या रेघा मारायचे. ही दोराची रीत मनोरीत फक्त आमच्या घरात होती, लोक हसायचे त्यावरून. वडील ती आजोबांकडून शिकले आणि आई वडिलांकडून. वडील डावखुरे होते, त्यामुळे त्यांची गाठ उलटी फिरायची. आई उजव्या हाताची, पण त्यांच्याकडूनच शिकली म्हणून तिचीही उलटीच फिरते.

तिने तासभर बसून एक दोर बांधला आणि म्हणाली, “ह्यो त्याला धाड. इचार, त्याच्या दोराची गाठ कंच्या अंगाला फिरत होती.” तो दोर पाकिटात घातला आहे.

मला स्वतःला हा वेडेपणा वाटतो. पन्नास वर्षांत मी आईला हातातलं काम असं टाकून उठताना बघितलं नव्हतं. तेव्हा एक कृपा करा. नसेल तर सरळ ‘नाही’ लिहा. तिला आशा लावून मग नियम सांगू नका.

सुगंधा


मुलुंड (पूर्व)
१३ नोव्हेंबर २०२४

चि. सुगंधा,

पाकीट फोडलं, दोर हातात आला, आणि त्यानंतर तासभर मी काय केलं ते मला सांगता येत नाही. सूनबाई म्हणते, मी दोर मुठीत धरून नुसता बसलो होतो आणि पाणीसुद्धा घेत नव्हतो.

आईला सांग, गाठ डाव्या अंगाला फिरायची. माझ्या बोटांना ती पाठ आहे. चालता चालता पेटीत हात घालून, दोर जागेवर आहे ना, म्हणून मी ती दर कोसाला चाचपायचो. खुलन्याच्या नदीकाठी मनोरीची गाठ. तिथला कुणी ती मारूच शकत नाही.

आता पुढचं नीट ऐक. मी तुझ्या बापाला पाहिलंय.

त्या घाटावर एक मुका माणूस जाळी विणत बसायचा. कुठून आला कुणाला माहीत नव्हतं. मुका आणि बहिरा म्हणून सगळे त्याला सोडून द्यायचे, शत्रूचे शिपाईसुद्धा त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलायचे. आता कळतं, त्याला बंगाली येत नव्हतं म्हणून त्याला मुकं केलं होतं. मी तीन-चारदा त्याच्या शेजारी बसून विडी ओढली. एकदा त्याने माझ्या पेटीतली एक लाल फणी उचलली, बायकांची. मी खुणेने विचारलं, बायको आहे? त्याने मान डोलावली आणि हसला. माझ्याच मुलखातला माणूस हातभर अंतरावर होता आणि आम्ही दोघं एकमेकांशी खुणांनी बोलत होतो.

आठ डिसेंबरला मी शेवटचा दोर उचलला. दहाला परत घाटावर गेलो तर जाळं होतं, माणूस नव्हता. चहावाल्याने सांगितलं, मुक्याला धरून नेलं, दोन दिवस मारलं, मग गोळी घातली. दोन दिवसांत त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. चहावाला म्हणाला, मुका बिचारा, बोलणार कसा. मीही तेच समजून पुढे गेलो. सुगंधा, तो बोलू शकत होता. एक शब्द बोलला असता तर मराठी बाहेर आलं असतं, आणि मग फणीवालाही सापडला असता. मी जिवंत आहे तो त्याच्यामुळे.

अकरा तारखेला सुरुंगावर मेजरसाहेबांची जीप उडाली. मी मागच्या जीपमध्ये होतो, कान तिथेच गेले. तुझ्या बापाला पलटणीतून कागदाविना उचलून नेणारे तेच असणार. परत आल्यावर कागद करू, असं ठरलं असेल. ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबर गेलं. पलटणीला काही ठाऊक नाही, म्हणून ‘फरारी’. आणि मी, ज्याने त्याचे दोर वाहिले, तो चार महिन्यांनी त्याच्याच ओट्यावर बसून त्याच्याच बायकोवर पाळत ठेवून आलो. मी बरोबर पाहिलं आणि गाढवासारखं समजलो. माझी तुझ्याकडे माफी मागायची लायकी नाही, म्हणून मागत नाही.

शेवटचा दोर माझ्या ट्रंकेत आहे. लढाई पुढे सरकत होती, साहेब ठरल्या जागी भेटले नाहीत; अकराला भेटले ते जीप सुटताना, आणि मुक्कामावर पोचून द्यायला ते उरलेच नाहीत, म्हणून राहिला. त्यात काय आहे ते आजवर कुणी वाचलेलं नाही. पण गो बाय, तो मी तुम्हाला दाखवणार नाही. वहिनींनी तो वाचायचा तो लष्कराच्या अधिकाऱ्यांसमोर, पहिल्यांदाच हातात घेऊन. नाहीतर ते म्हणतील, म्हातारीला पढवून आणलं. मला खात्री असणं हा पुरावा नाही. तो मिळवायचं काम माझं.

विद्याधर केळुसकर


बोरिवली (पश्चिम)
२ मार्च २०२५

केळुसकर काका,

साडेतीन महिने झाले. तुमचं एक अक्षर नाही. मी तीन पोस्टकार्डं टाकली. तुम्ही जिवंत आहात ना?

तुमचं ते पत्र मी आईला वाचून दाखवलं त्या दिवशी ती रडली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी तिला रडताना बघितलं, आणि ती लाल फणीचं ऐकून रडली, गोळीचं ऐकून नाही. शेजारची बाई म्हणाली, आता कुंकू उतरव. आई म्हणाली, “सरकार अजून पलाला बोलतंय ना? मेला बोलू दे, मंग बघू.”

जानेवारीत ती आठ दिवस हॉस्पिटलात होती. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन झेपणार नाही, आहे तेवढं आहे. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय तर, मुलुंडचं पत्र आलं काय. मी काय सांगू तिला? तुम्हाला पुन्हा तुमचे नियम आठवले का? दर आठवड्याला मी मार्व्याहून खाडी ओलांडणारी तर पकडून तिकडे जाते आणि ती धक्क्यावरच उभी असते, हात रिकामे बघते आणि वळते. हे आता माझ्याने बघवत नाही.

सरळ सांगते, पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी श्रुतिकाला घेऊन मुलुंडला येते आणि तुमची ट्रंक फोडते. मग तुमचा पुरावा गेला खड्ड्यात.

सुगंधा


मुलुंड (पूर्व)
१० मार्च २०२५

चि. सुगंधा,

ट्रंक फोडायची गरज नाही, किल्ली पाकिटात घालून पाठवतो आहे. दोर मात्र आता ट्रंकेत नाही. लाखेने सीलबंद होऊन लष्करी कार्यालयात जमा झाला. पावती माझ्याकडे आहे. पोस्टकार्डं मिळाली. हातात काही नसताना काय लिहायचं, म्हणून लिहिलं नाही. हीसुद्धा जुनी खोड. तुझ्या आईला धक्क्यावर उभं ठेवलं, ते चुकलंच.

या महिन्यांत मी दिल्लीला दोनदा आणि इथल्या कार्यालयात अकरा वेळा गेलो. अठ्ठ्याहत्तरीचे गुडघे आहेत, जिने चढताना शिव्या दिल्या. एका तरुण कॅप्टनने सगळं ऐकून घेऊन पाटीवर लिहून दाखवलं, ‘आजोबा, गोष्ट छान आहे.’ मी त्याच पाटीवर त्याच्या घड्याळाचा पट्टा कुठल्या हाताने बांधलाय, सकाळी काय खाल्लंय आणि साहेबाची भीती का वाटते आहे, एवढं लिहून दिलं. मग त्याने मला साहेबांकडे नेलं.

अडचण अशी होती की दोर खरा की खोटा, हे ताडणार कशाशी? आमच्या कामाचे कागदच नाहीत. मग मला आठवलं. घाट आपल्या ताब्यात आला तेव्हा शत्रूच्या घाटबाबूची वही सापडली होती. कुठल्या दिवशी किती बोटी लागल्या, त्यातल्या तोफांच्या किती, रोजची नोंद. अशा वह्या कुणी फेकत नाही आणि कुणी वाचतही नाही. दिल्लीत एका जुन्या दप्तरखान्यात ती निघाली. एक ते आठ डिसेंबर, सगळी पानं जागेवर. तुझ्या बापाचा शेवटचा दोर त्याच आठ दिवसांचा आहे.

सतरा जूनला वहिनींना बोलावणं येईल. त्या दोर वाचतील, अधिकारी वही पाहतील. जुळलं तर तो शब्द जाईल. नाही जुळलं तर पुन्हा कुणी दार उघडणार नाही, हेही तुला आधीच सांगतो. त्या खोलीत मी नसेन. माझ्या तोंडाकडे बघून वहिनी बोलल्या, असं म्हणायला कुणाला जागा ठेवायची नाही. त्यांना एवढंच सांग, मासळी मोजतोय असं समजून वाचा.

आणि तोवर त्यांनी तब्येत सांभाळायची आहे. हा हुकूम समजा.

विद्याधर


बोरिवली (पश्चिम)
१९ जून २०२५

काका,

घाईघाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

आई नेसून आली होती हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोली. खोलीत तीन अधिकारी होते. मधल्या खुर्चीत कर्नल, आणि त्या बाई होत्या. आईने त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि माझ्या कानात म्हणाली, “बाय हाय, बरं जालं.” वही कर्नलबाईंच्या पुढ्यात, आमच्याकडे पाठ करून. मग त्यांनी लाखेचं सील आम्हाला दाखवून फोडलं आणि दोर आईच्या हातात दिला.

आईने तो आधी नाकाला लावला. मग डोळे मिटले आणि बोटं चालवायला लागली. मासळी मोजतात तसाच आवाज, एका सुरात. पहिला दिवस, फासाच्या, म्हणजे तोफांच्या, दोन, साध्या सात. चिंधी. दुसरा दिवस, फासाची एक, साध्या अकरा. चिंधी. कर्नलबाई पेन्सिलने खुणा करत होत्या. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता. तिसरा, चौथा. पाचव्या दिवशी आई म्हणाली, “फासाच्या तीन. साधी एक पण नाय.” आणि बाजूचा अधिकारी म्हणाला, “वहीत चार आहेत.”

मी आईचा हात धरायला गेले तर तिने तो झटकला. डोळे न उघडता परत बोटं फिरवली आणि म्हणाली, “तीनच. माझा नवरा मोजायला चुकत नव्हता. तुमच्या बाबूला परत बघा बोला.” तो अधिकारी हसला. कर्नलबाई नाही हसल्या. त्यांनी वही उजेडात धरली, मग खिशातून भिंग काढलं. समासात बारीक अक्षरात टीप होती, चौथी बोट वाटेतल्या गाळात रुतली, घाटाला लागलीच नाही. बाबूने आधी चार लिहिले आणि मग टीप टाकली. कर्नलबाईंनी ते वाचून दाखवलं आणि स्वतःच म्हणाल्या, “तीन. दोर बरोबर आहे, वही चूक.”

पुढचे तीन दिवस तर आई वाचत गेली आणि त्या नुसती मान हलवत गेल्या. आठच्या आठ दिवस जुळले. शेवटची कडी आली, हिशेब संपला. मी श्वास सोडला. पण आईची बोटं कडीच्या पुढे गेली आणि थांबली. कडीनंतर अजून गाठी होत्या. आठ, बारीक, जवळ जवळ.

कर्नलबाईंनी विचारलं, “या कशाच्या? वहीत असं काही नाही.” आईने त्या एकेक करून परत चाचपल्या. मग म्हणाली, “ह्या सरकारच्या नाय. ह्या माझ्या हायत. तो गेला तवा मना दोन महिने जालते. त्या डिसेंबरात आठवा होता.”

पहिल्या कर्नलबाई उठून उभ्या राहिल्या. मग तो हसलेला अधिकारी. मग तिसरा. तिघांनी माझ्या आईला सलाम ठोकला. आई खुर्चीत बसून दोर कुरवाळत होती, तिचं लक्षही नव्हतं. त्या आठ गाठी म्हणजे मी आहे, काका. मला बाप कसा होता ते कधी कळलं नव्हतं. घाटावर मुका बनून बसला होता आणि माझे महिने मोजत होता.

निकाल लेखी यायचा आहे. पण मला आता कुणाची भीती वाटत नाही.

तुमची सुगंधा


बोरिवली (पश्चिम)
३० जुलै २०२५

काका,

आला. ‘फरारी’ ही नोंद रद्द. शिपाई काशीराम शत्रूच्या मुलखात कर्तव्य बजावताना मारला गेला, असं लिहिलंय, आणि खाली सही-शिक्का. आईने तो कागद कोळीवाड्यातल्या प्रत्येक घरात स्वतः नेऊन दाखवला. जे वाचू शकत होते त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. दोन तास फिरली, हृदय बिदय काही आठवलं नाही तिला. कुंकवाचं मी विचारणारच होते तेवढ्यात म्हणाली, “ऱ्हाऊ दे, आता सवय जालीय. आणि कोणाच्या बापाची भीती नाय.”

दुसऱ्या दिवशी पंच घरी आले. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला सोनेरी कागदात मढवलेला नारळ देतात. त्याची मिरवणूक निघते आणि दर वर्षी एका घराला तो वाहायचा मान असतो. पंच त्या दारात उभा राहून घरच्या पुरुषाला नावाने हाक मारतो, घरातून ‘हाय’ आलं की नारळ आत जातो. त्रेपन्न वर्षं मिरवणूक आमच्या दारावरून न थांबता गेली. यंदा मान आम्हाला. बाळ नाखवा, म्हणजे आमचे मुख्य पंच, म्हणाले, सुगंधाच्या नावाने हाक मारू. आई म्हणाली, “घर कोणाचं हाय? त्याच्याच नावान मारा, नायतर पुढं जा.” बाळ नाखवा मान खाली घालून हो म्हणाले.

माझ्या जूनच्या पत्राला उत्तर देताना तुम्ही लिहिलंत की मनोरीला तोंड दाखवणार नाही. आईचा निरोप जसाच्या तसा देते. “त्याला सांग, तुला बघता चांगलं येतं, समजता येत नाय. ह्या येळेला ओट्यावर बस, बघ, आणि काय बघितलंस ते मना लिहून दे.” हा तिचा हुकूम समजा. श्रुतिका तुम्हाला घ्यायला येईल.

सुगंधा


मुलुंड (पूर्व)
११ ऑगस्ट २०२५

मालनवहिनींस, शिरसाष्टांग नमस्कार.

हुकमाप्रमाणे लिहितो. सुगंधा वाचून दाखवेल.

दुपारी तीन वाजता श्रुतिकाने मला मनोरीच्या धक्क्यावर उतरवलं. सगळ्या होड्या रंगवलेल्या, पताका लावलेल्या. तुमच्या दारापर्यंत पोचायला मला वीस मिनिटं लागली, कारण वाटेत सतरा माणसांनी थांबवून विचारलं, काशीरामकडे आलात काय. काशीरामकडे, असंच विचारलं. मी मोजलं आहे.

तुम्ही मला त्याच ओट्यावर बसवलंत आणि चहा दिलात. चहात साखर कमी होती. ती मुद्दाम होती की वयामुळे, याचा तपास मी केला नाही.

साडेचारला मिरवणूक आली. वाजंत्री माझ्या छातीत कळली, कानात नाही. तुमच्या दारासमोर सगळं थांबलं. लोक गप्प झाले, ते मला त्यांच्या मानांवरून दिसलं. हाक मारायच्या आधी मी उठून उभा राहिलो आणि मला सांगायचं ते सांगितलं. मी कोण, बहात्तर साली इथे कशाला आलो होतो, काय लिहिलं, ते किती चूक होतं, आणि मी जिवंत आहे तो कुणामुळे. माझा आवाज मला ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने बोललो ठाऊक नाही. पण धक्क्यावरची माणसं वळून बघत होती, म्हणजे तिथवर गेला असावा. बोलून झाल्यावर मी तुमच्या पाया पडलो. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि लगेच काढून घेतलात. जेवढा ठेवलात तेवढा मला पुष्कळ झाला.

मग बाळ नाखवा दोन पावलं पुढे आले. नारळ दोन्ही हातांत. वयाने माझ्याएवढेच, लहानपणी काशीरामबरोबर एका होडीवर असलेले, असं मागाहून कळलं. त्यांची हाक मी त्यांच्या ओठांवरून वाचली: “काशीराम, घरात हाईस काय?” त्यांच्या गळ्याची शीर ताठ झाली होती, म्हणजे जोरात मारली असणार. नंतर त्यांना डोळे पुसता येईनात, कारण हात गुंतलेले होते.

सुगंधा उत्तर देणार होती, तसं ठरलं होतं. तिने तोंड उघडलं आणि तिला बोलता येईना. तुम्ही तिला हाताने मागे केलंत, उंबऱ्यात आलात, उजवा हात चौकटीवर ठेवलात. पदर वाऱ्याने उडत होता, तो सावरला नाहीत. गल्लीत दीडशे-पावणेदोनशे माणूस असेल. त्या सगळ्यांकडे एकदा बघून तुम्ही म्हणालात, “हाय. या आत.”

मी नोकरीची सव्वीस वर्षं माणसांच्या चेहऱ्यांवर संशय शोधण्यात घालवली, तो माझा धंदा होता. त्या वेळी मी एकेक चेहरा बघितला, पुढच्या रांगेपासून धक्क्यापर्यंत. एकावरही तो नव्हता. नारळ आत गेला आणि त्याच्यामागून अख्खा कोळीवाडा तुमच्या घरात शिरला.

आपला आज्ञाधारक,
हवालदार विद्याधर केळुसकर